गोठ्यातली बाळंतपणं

आमच्याकडे माणूस गेला की लोक दारावर येतात. ओट्यावर बसतात, मान हलवतात, "चांगला होता" म्हणतात आणि मग पुढे काय बोलावं ते कोणालाच सुचत नाही. भाऊ गेला तेव्हा तसं झालं नाही. जो येई तो ओट्यावर टेके आणि हळूच म्हणे, "पण तो सशांचा किस्सा नेमका काय होता रे?" एकाने सांगितला की दुसऱ्याला आठवे. चहाच्या कपांसारखे किस्से साठत गेले. काही मला माहीत होते, काहींत मी स्वतः होतो. तरी दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना वाटायचं, भाऊ मागे गोठ्यातच आहे, आत्ता हात पुसत येईल.

भाऊ म्हणजे माझा मोठा भाऊ, दिलीप. कावीळ झाली. आधी गावठी औषध, मग दवाखाना, मग संपलं. याच्यापुढे मला लिहिता येत नाही. मी सातवीत शाळा सोडली, आणि तसंही हे लिहायला शाळा पुरली नसती. म्हणून किस्सेच लिहितो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. लोक किस्से सांगत होते तेव्हा मागच्या गोठ्यात पाच माद्या होत्या, आणि त्यांतली धाकली पोटुशी होती. पहिलटकरीण; इतक्या दिवसांत कधी राहिलीच नव्हती. सुरतेकडच्या रस्त्यावरचा एक ढाबेवाला सगळे ससे एकदम न्यायला तयार होता. मामा म्हणाले, "ज्याचे होते तो गेला. देऊन टाका."

आई म्हणाली, "धाकलीचं होऊ दे. पिल्लं जगली तर ससे राहतील. नाही जगली तर न्या."

एकत्र ठेवलेल्या माद्यांत पिल्लं जगवणं सोपं नसतं. ते फक्त भाऊला जमायचं.

*

पहिल्या माद्या भाऊने चाळीसगावहून आणल्या. एसटीने, केळीच्या करंडीत. मी बरोबर होतो.

कंडक्टर म्हणाला, "करंडीत काय आहे?"

"ससे."

त्याने खिशातून तक्ता काढला. बोट फिरवत वरून खाली आला, मग खालून वर गेला. "कोंबडी आहे. बकरी आहे. ससा नाही."

मागून कोणीतरी ओरडलं, "कान लांब आहेत ना, बकरीच लावा!"

मला राग आला. मी उभा राहून त्या माणसाशी भांडायला लागलो. भाऊने मला शर्ट ओढून खाली बसवलं आणि कंडक्टरला म्हणाला, "साहेब, आत्ता पाच आहेत. धुळ्यापर्यंत वाढले तर वाढलेल्यांचं तिकीट मी काढतो!"

अख्खी गाडी हसली. कंडक्टरने तक्ता खिशात घातला. पण धुळ्याला उतरताना त्याने करंडीत डोकावून मोजले. पाचच होते.

*

पिंजऱ्याला जाळी लागते, आणि जाळी आमच्याकडे नव्हती. म्हशीचा जुना गोठा होता. भाऊने सगळ्या माद्या त्यात एकत्र सोडल्या. नर मागाहून आणला, तो तेवढा वेगळा, सलीमभाईच्या अंगणात. सलीमभाई म्हणजे मागच्या गल्लीतला सुतार, भाऊचा दोस्त. भाऊ नराला 'जावई' म्हणायचा. "जावयाने सासरी राहायचं नाही, बोलावलं की यायचं."

माद्यांनाही नावं पडली. थोरली, मधली, नणंद, धाकली. आणि सगळ्यांत मोठी, पांढरी, जी चांगला कोपरा बळकावून बसायची, घास आधी खायची आणि जवळ येईल तिला चावायची, ती सासूबाई.

आईने विचारलं, "सासूबाई कोणती?"

भाऊने दाखवली. आईने तिच्याकडे पाहिलं, भाऊकडे पाहिलं आणि दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. घरात सून यायची होती अजून, आणि हा आत्तापासून टोमणे मारतो!

तिसऱ्या दिवशी ती घास टाकायला गोठ्यात गेली. सासूबाईने धाकलीला घासावरून हुसकून लावलं. आई दारात उभी राहून पाहत होती.

"बरोबर करते," आई म्हणाली. "ती धाकली आहेच आगाऊ."

*

पहिलं बाळंतपण वाईट झालं.

भाऊने हौसेने एक मोठं खोकं केलं होतं. आत भुसा, वर पोतं. सगळ्या माद्यांना मिळून एकच. त्यावर त्याने खडूने लिहिलंही होतं, 'प्रसूतिगृह'. थोरली त्यात व्यायली. सशाची पिल्लं जन्मतात तेव्हा उघडी असतात, डोळे मिटलेले, बोटाएवढी. आई स्वतःच्या छातीचे केस उपटून त्यांच्यावर घालते. थोरलीने सगळं नीट केलं होतं. दुसऱ्या दिवशी मधलीचे दिवस भरले. तीही त्याच खोक्यात शिरली आणि तिने जागा साफ करायला घेतली. थोरलीची पिल्लं पायांनी उकरून बाहेर फेकली.

आम्ही गेलो तोवर ती जमिनीवर गार पडली होती. भाऊने ती सदऱ्यात घेतली, छातीशी धरून बसला. काही उपयोग झाला नाही. त्या दिवशी तो जेवला नाही.

संध्याकाळी तो गुरांच्या डॉक्टरांकडे गेला. डॉक्टर म्हणाले, "सोपं आहे. प्रत्येक मादीला स्वतंत्र पिंजरा. जागा हवेशीर. शांतता."

भाऊ म्हणाला, "डॉक्टरसाहेब, आम्ही तिघं एका खोलीत राहतो. अशी जागा मी सशांना केली तर आधी माझी आई तिथे राहायला जाईल!"

*

मग सलीमभाई आला.

त्याने आधी माप घ्यायचं ठरवलं. "गिऱ्हाईक लाओ." भाऊने सासूबाईला धरलं आणि सलीमभाईने टेप लावला. खांदा, पोट, उंची. सासूबाईने त्याच्या मनगटाला चावा घेतला.

"देख भाऊ, शिंप्याला पण कोणी चावत नाही!"

पण काम असं केलं की बघत राहावं. माद्या पाच, खोकी सात, म्हणजे भांडण नको. दार एवढंच की एका वेळी एकच मादी आत जाईल. दाराला खाली उंबरा. पिल्लू दूध पिताना आचळाला लोंबकळतं, आई बाहेर उडी मारते तेव्हा तेही ओढलं जातं आणि उघड्यावर पडतं. उंबरा असला की आत गळून पडतं. सातही खोकी एका मापाची, एका हिरव्या रंगाची. सलीमभाईने ती दोरी लावल्यासारखी सरळ रांगेत मांडली आणि मागे सरकून बघितली. "पोस्ट ऑफिस लग रहा है!"

तिथेच घोळ झाला. माद्यांना आपलं खोकं कोणतं ते कळेना. नणंद थोरलीच्या खोक्यात, थोरली मधलीच्या. पुन्हा उकराउकरी, पुन्हा दोन पिल्लं बाहेर.

भाऊ एक दिवस नुसता गोठ्यात बसून राहिला. मग उठला आणि त्याने रांग मोडली. एक खोकं कोपऱ्यात तिरकं, एक गव्हाणीखाली, एक विटांच्या आड, एक भिंतीकडे तोंड करून. एकावर पोतं टाकलं, एकावर फुटकं सूप ठेवलं. आता प्रत्येकीला आपलं घर ओळखू यायला लागलं.

सलीमभाई आला, त्याने पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. "मेरा काम तिरछा रखा?"

"सलीमभाई, तुझं काम सरळच आहे. आमच्या बाया तिरक्या आहेत."

सलीमभाई पुढे कितीतरी दिवस गोठ्यात यायचा आणि बोलता बोलता पायाने एखादं खोकं सरळ करायचा. भाऊ बोलता बोलता पायाने ते परत तिरकं करायचा.

*

शेजारच्या नानी. वय कोणालाच माहीत नाही. गल्लीतल्या निम्म्या बाळंतपणांना त्या हजर होत्या, आणि बाळ झालं की बघायला जायचंच असतं, असं त्यांचं म्हणणं. बोलणं पक्कं अहिराणी.

भाऊ बाहेर गेला होता तेव्हा त्या गोठ्यात गेल्या. मधलीची सगळी पिल्लं त्यांनी बाहेर काढली, ओटीत घेतली आणि एकेकाच्या गालाला काजळाचं बोट लावून परत ठेवली. दृष्ट लागू नये म्हणून!

मादीला पिल्लाचा वास परका आला की कधी ती त्याला जवळ घेत नाही, कधी तोडूनही टाकते. भाऊ आला, पाहतो तर गुलाबी पिल्लं आणि प्रत्येकाच्या गालावर काळा ठिपका. बाहेर मधली पाय आपटत होती. सशाला राग आला की तो मागचा पाय जमिनीवर आपटतो, धप्प.

भाऊ ओरडला नाही. आमच्या घरात खुंटीला एक पिशवी असायची. रिकाम्या झालेल्या खोक्यांतले सशाचे स्वच्छ केस तो तिच्यात साठवायचा. एखादी मादी कमी केस उपटायची, तिच्या पिल्लांना ते उपयोगी पडत. गोधडीतला कापूस घालून चालत नाही, त्याचे धागे पिल्लांच्या पायाला आवळतात. तर भाऊने मधलीच्याच खोक्यातले केस हाताला चोळले, मग पिल्लांना चोळले, सगळी एकत्र कालवली आणि पोत्याखाली झाकली. आम्ही दाराआड बसलो. मधली आत गेली. थोड्या वेळाने दूध पाजून बाहेर आली आणि पाला खायला लागली.

मग भाऊ नानींकडे गेला. मला वाटलं, आता भांडण. तो म्हणाला, "नानी, तुम्ही चुकलात. बाळंतिणीच्या दाराला निंबाची फांदी नको का? फांदी आहे तोवर कोणी आत जायचं नाही, कोणी हात लावायचा नाही."

नानी विचारात पडल्या. "हाई मन्हा ध्यानमा कसं नही उनं?"

त्या दिवसापासून कोणतीही मादी व्यायली की नानी गोठ्याच्या दाराला कडुनिंबाची फांदी बांधायच्या आणि दारात पाट टाकून बसायच्या. पिल्लांनी डोळे उघडले की त्याच ती फांदी सोडायच्या. एकदा गुरांचे डॉक्टर स्वतः पाहायला आले. नानींनी त्यांना आत सोडलं नाही.

"मी डॉक्टर आहे, आजी."

"व्हई. बाप्या माणूस शे ना पण?"

*

वरातीचा किस्सा तर धुळ्यात बऱ्याच लोकांना माहीत आहे.

मोठा आवाज झाला की माद्या घाबरतात. घाबरल्या की समोर दिसेल त्या खोक्यात उड्या मारतात, आणि आतली पिल्लं तुडवली जातात. दिवाळीत हे एकदा झालं होतं. त्यामुळे थोरली व्यायली असताना गल्लीच्या तोंडाशी बँड वाजायला लागला तेव्हा भाऊ बनियनवरच धावला.

घोड्यावर नवरदेव, पुढे पोरं नाचतायत, आणि भाऊ मधोमध हात पसरून उभा!

बँडमास्तरने तोंडातला क्लॅरिनेट काढला. "काय झालं?"

"बाळंतीण आहे."

"कोणाची?"

"आमची. कालच झाली. सहा आहेत."

"सहा!" बँडमास्तरने टोपीच काढली.

पुढचं काही भाऊने सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. बँड बंद झाला. आमच्या गल्लीतून ती वरात अशी गेली की फक्त घोड्याच्या टापा ऐकू येत होत्या. नाचणारी पोरं चवड्यांवर चालत होती. नवरदेवाची आई घरात येऊन आईच्या हातात सुपारी आणि खोबऱ्याची वाटी ठेवून गेली. म्हणाली, "सुनेला जपा."

आईने खोबरं थोरलीला दिलं. तिने खाल्लं नाही. आम्हीच खाल्लं.

*

पिंपळनेरहून पाहुणे आले होते. मुलीचे वडील आणि काका. आईने पोहे केले होते. भाऊला इस्त्रीचा शर्ट घातला होता. वडील विचारत होते, भाऊ उत्तरं देत होता, सगळं नीट चाललं होतं. एवढ्यात नानींनी खिडकीतून हात हलवला.

भाऊ पोह्यांची बशी ठेवून उठला आणि गेला. आला नाही.

काका म्हणाले, "मुलगा कुठे गेला?"

आईला खोटं बोलता येत नाही. "बाळंतपण करायला."

वडिलांनी हातातली बशी खाली ठेवली आणि विचारलं, "शिक्षण काय झालंय म्हणालात त्यांचं?"

स्थळ गेलं. आई चिडली. भाऊ म्हणाला, "आई, आठ झाली. आठही दूध प्यायली." आणि उभ्यानेच पाहुण्यांचे उरलेले पोहे खाल्ले.

*

आता शेवटचा. हा मी कोणाकडून ऐकलेला नाही.

भाऊ गेल्यावर तीन-चार दिवसांनी सकाळी धाकली व्यायली. भिंतीकडे तोंड केलेल्या खोक्यात. पहिलटकरीण असल्यामुळे तिने केस धड उपटले नव्हते. मी घरात गेलो, खुंटीवरची पिशवी काढली. ती भाऊने भरली होती. थोडे केस काढावेत म्हणून हात घातला आणि सगळी पिशवीच खोक्यात रिकामी करून आलो.

सात पिल्लं होती. सासूबाई त्या खोक्यासमोर येऊन बसली. मी तिला उचलून बाहेर फेकायला निघालो.

आई म्हणाली, "असू दे. दार एकीपुरतं आहे. ती बसली तर दुसरी जाणार नाही."

नानींनी फांदी बांधली. पाट टाकला.

आणि त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली. जळगावची मावशी. तिला निरोप उशिरा मिळाला होता. लहानपणी भाऊला तिनेच सांभाळलं होतं. आमच्याकडे बायका दारावर येतात तेव्हा गल्लीच्या तोंडापासूनच हंबरडा फोडत येतात, आणि आमच्या मावशीचा आवाज असा की दोन गल्ल्यांना कळतं. तिने रिक्षातून पाय खाली ठेवला, पदर डोक्यावर घेतला, तोंड उघडलं.

नानी धावल्या. त्या वयात! हातात निंबाची दुसरी फांदी. ती त्यांनी मावशीच्या तोंडासमोर आडवी धरली.

"आठे रडानं नही. बाळतीन शे."

मावशीचं तोंड उघडंच राहिलं. मागून आई पोचली होती. ती म्हणाली, "धाकली व्यायली गं आत्ता. दिलीपची."

मावशीने पदराचा बोळा तोंडात घातला. तशीच अख्खी गल्ली चालत आली. डोळ्यांतून धारा, आणि आवाज एवढासाही नाही. ओट्यावर बसली, बोळा काढला आणि आईच्या कानात विचारलं, "किती?"

"सात."

मावशीने बोळा परत तोंडात घातला.

त्यानंतर जो येईल त्याला नानी गल्लीच्या तोंडाशीच गाठायच्या. बायका ओट्यावर एकमेकींच्या गळ्यात पडून हलत राहायच्या, नुसत्या हलत. बँडमास्तर आला, तो आपणहून चपला हातात घेऊन आला. पुरुष कुजबुजत किस्से सांगायचे आणि हसू आलं की टॉवेल तोंडाला लावायचे. सलीमभाई किस्सा सांगता सांगता उठला, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बराच वेळ वळला नाही.

मामा मात्र मोठ्याने बोलायचे. "ढाबेवाल्याला मी शब्द दिलाय!" मी म्हणालो, "मामा, इथे नको. चला, नदीवर भांडू." आम्ही पांझरेपर्यंत गेलो. तिथे मी काय काय बोललो ते सांगत नाही. मामाही बोलले. धुणं धुणाऱ्या बायका धुणं सोडून बघत होत्या. परत येताना गल्लीच्या तोंडाशी मामांनी चपला काढून हातात घेतल्या. मीही काढल्या.

आई त्या दिवसांत रडलीच नाही. सकाळी पोतं उचलायची, सात पोटं गोल आहेत का बघायची, पोतं ठेवायची. उठून चूल पेटवायची.

एके दिवशी तिने पोतं उचललं आणि तशीच वाकून राहिली. मी जवळ गेलो. एका पिल्लाचे डोळे उघडले होते. मग दुसऱ्याचे. सातव्याने संध्याकाळपर्यंत वाट बघायला लावली.

मामा दारात दोन रिकाम्या करंड्या घेऊन उभे होते. ढाबेवाल्याने पाठवलेल्या. त्यांनी आत डोकावून पाहिलं, करंड्या परत सायकलला बांधल्या.

नानींनी गोठ्याच्या दाराची वाळलेली फांदी सोडली. पाट उचलून भिंतीला लावला. मग आईजवळ आल्या, तिच्या पाठीवर हात ठेवला.

"आते रडी ले, माय."